परिचारिका-शिक्षणाची मुदत : भोर व वेल्हे या मुलुखाच्या दृष्टीनें एक ऐतिहासिक विचार

रोग्याची शुश्रूषा व बाळंतिणीची सोडवणूक हीं कामें मनुष्यजातीइतकींच जुनीं आहेत. परंतु तीं शिकण्याला किती काळ द्यावा, हा प्रश्न अलीकडील दीड-पावणेदोनशें वर्षांतलाच आहे. ज्या काळीं हें ज्ञान आईकडून मुलीस व सासूकडून सुनेस मिळत असे, त्या काळीं मुदतीचा प्रश्न कोणी विचारलाच नाहीं. रुग्णालयें, परीक्षा व दाखले आले, तेव्हां तो उत्पन्न झाला. सहा महिन्यांत सुईण तयार करावी, कीं तीन वर्षांत परिचारिका, कीं चार वर्षांत पदवीधर; आणि जिला हें शिक्षण घ्यावयाचें त्या स्त्रीनें यांपैकीं कोणता मार्ग पत्करावा, याविषयीं वेळोवेळीं निरनिराळे निर्णय झाले. त्या निर्णयांचा क्रम प्रस्तुत लेखांत मांडावयाचा असून, तो मांडतांना आमची दृष्टि मुख्यतः भोर व वेल्हे या डोंगरी मुलुखावर राहील. लवकर शिकून मोकळें होण्याची निकड अशाच मुलुखांत अधिक असते, आणि त्या निकडीचे बरेवाईट परिणामहि अशाच मुलुखांत अधिक स्पष्ट दिसतात.

(१) मुलूख

भोर हें पंतसचिवांचें संस्थान. विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ व सुधागड असे त्याचे पांच तालुके होते, व तालुक्यांस किल्ल्यांचीं व मावळांचीं नांवें असावीं यावरूनच त्या भूमीचें स्वरूप ध्यानांत येतें. नऊशेंहून अधिक चौरस मैलांच्या या प्रदेशांत १९०१ च्या शिरगणतीच्या वेळीं सुमारें १ लक्ष ३७ हजार लोक राहत होते. म्हणजे चौरस मैलास दीडशेंच्या आसपास. १९४८ च्या मार्चांत संस्थान मुंबई इलाख्यांत विलीन झालें आणि भोर व वेल्हे हा भाग पुणें जिल्ह्यांत आला.

या भागाची रचना खोऱ्यांची आहे. नीरेचें हिरडस मावळ, वेळवंडीचें खोरें, गुंजवणीचें गुंजण मावळ, तोरण्याच्या पायथ्याशीं वेल्हें ज्यांत वसलें आहे तें कानद खोरें, अशीं एकामागून एक खोरीं, व दोन खोऱ्यांच्या मध्यें डोंगराची सोंड. एका खोऱ्यांतून दुसऱ्यांत जाण्यास खिंड चढून उतरावी लागे. आषाढ-श्रावणांत ओढे भरले म्हणजे जवळचें गांवहि दूर होई. त्यांत धरणांची भर पडली. भाटघर येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जुनें धरण झालें होतें. त्याच्या जागीं १९२८ सालीं मोठें लॉइड धरण पुरें झालें, आणि वेळवंडीच्या खोऱ्यांत पाण्याचा फुगारा दूरवर पसरला. ज्या वाड्या पूर्वीं पायवाटेनें जोडलेल्या होत्या त्यांच्यामध्यें पाणी आलें. अशा ठिकाणीं अडलेल्या बाळंतिणीस पुण्यास नेणें म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. जी मदत मिळावयाची ती वाडींतच मिळाली पाहिजे, हा या भूमीचा पहिला धर्म होय.

(२) सुईण

ती मदत सुईण करीत असे. देशावरील पुष्कळ गांवीं हें काम मांग समाजांतील स्त्रिया करीत; कोठें न्हाविणीकडे असे, कोठें घरांतील अनुभवी वृद्धाच तें पार पाडीत. मोबदला धान्य, चोळी-लुगडें, नारळ असा. पांचवीचें पूजन होईपर्यंत व पुढेंहि कांहीं दिवस तिचें येणेंजाणें चाले. तिचें शिक्षण म्हणजे जाणत्या बाईच्या हाताखालीं केलेलीं वर्षानुवर्षांचीं बाळंतपणें. मुदत नाहीं, परीक्षा नाहीं, दाखला नाहीं. पण शिकण्याचा काळ, वर्षांनीं मोजूं गेल्यास, पुढें आलेल्या कोणत्याहि अभ्यासक्रमापेक्षां लांबच भरेल.

या शिक्षणांत उणीव होती ती काळाची नव्हे, ज्ञानाची. हात व हत्यार निर्जंतुक करणें या गोष्टीचा शोधच मुळीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांतला. नाळ कापण्याच्या साधनावरून अर्भकास धनुर्वात होतो, न धुतलेल्या हातानें बाळंतिणीस सूतिकाज्वर होतो, हें कळण्यापूर्वीं मावळांतील सुईण व विलायतेंतील डॉक्टर यांच्यांत या बाबतींत फारसा भेद नव्हता. हें कळल्यावर मात्र भेद पडला, आणि सुईणीस थोडक्यांत तेवढें शिकवून टाकावें ही कल्पना निघाली. अल्पमुदतीच्या शिक्षणाचा उगम तो हाच.

(३) पहिले अल्प अभ्यासक्रम

हिंदुस्थानांत मद्रासकडे सुईणींच्या शिक्षणास १८५४ च्या सुमारास व परिचारिकांच्या शिक्षणास १८७१ सालीं आरंभ झाला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीं १८६५ सालीं हिंदुस्थानांतील रुग्णालयांच्या परिचर्येविषयीं आपल्या सूचना लिहून काढल्या होत्या. १८८५ सालीं लेडी डफरिन यांच्या पुढाकारानें स्त्रियांस वैद्यकीय साह्य पोंचविण्यासाठीं फंड निघाला, आणि पुढें लेडी कर्झन यांच्या प्रयत्नानें व्हिक्टोरिया राणीच्या स्मारकाचा जो फंड १९०३ सालीं उभा राहिला, त्याचा हेतु केवळ देशी दायांस शिकविणें हाच होता. मुंबईंत १८९१ सालीं शिक्षणास आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचें नांव पहिली हिंदी परिचारिका म्हणून नोंदलें जातें.

दायांच्या या वर्गांचा विचार करतां एक गोष्ट ठळकपणें दिसते. वर्ग योजणाऱ्यांपुढें प्रश्न होता तो गांवाचा : अमुक इतक्या वस्तीस अमुक इतक्या दाया लवकर मिळाव्या. शिकणाऱ्या स्त्रीचें पुढें काय, हा प्रश्न त्यांत नव्हता. दाई शिकली, तिला पेटी व दाखला मिळाला, आणि ती पूर्वीं होती तेथेंच परत गेली. त्या दाखल्यावर तिला दुसऱ्या कोणत्याहि शिक्षणांत प्रवेश नव्हता; तिनें शिकलेले महिने पुढच्या पायरीस जमा धरले जात नव्हते. गांवास थोडा लाभ झाला, पण त्या स्त्रीच्या जन्माची वाट तेथेंच खुंटली. अल्पमुदतीच्या शिक्षणाच्या इतिहासांत हाच दोष निरनिराळ्या रूपांनीं पुनःपुन्हां येतो, म्हणून तो येथें मुद्दाम नोंदून ठेवतों.

(४) पुण्याचा मार्ग

भोरच्या माणसास दवाखाना म्हणजे पुणें. दक्षिणेकडील कांहीं गांवांस वाई, जेथें अमेरिकन मराठी मिशननें रुग्णालय चालविलें. पुण्याचें ससून रुग्णालय १८६७ सालीं सुरू झालें. त्याच्या आश्रयानें १८७८ सालीं बैरामजी जिजीभाई यांच्या नांवाची वैद्यकीय शाळा निघाली. मिरजेस डॉ. वान्लेस यांच्या रुग्णालयांत १८९७ पासून परिचारिका-शिक्षण होऊं लागलें. परंतु महाराष्ट्रांतील हिंदु घराण्यांतल्या स्त्रियांस, विशेषतः विधवांस, हा मार्ग खुला झाला तो पुणें सेवासदनामुळें. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या अध्यक्षतेखालीं, व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या अविश्रांत परिश्रमानें, ही संस्था पुण्यांत उभी राहिली. मग ससून रुग्णालयाच्या साह्यानें तिनें परिचारिका व सुईणी यांच्या शिक्षणाची व राहण्याची व्यवस्था केली. १९१२ सालीं रास्ता पेठेंत एडवर्ड बादशहांच्या स्मारकाचें रुग्णालय निघालें, व तेथेंहि बाळंतपणाच्या कामास मोठें क्षेत्र मिळालें.

त्या काळच्या स्त्रीपुढें कोणते पर्याय होते तें पाहूं. शिक्षिका व्हावें, सुईणीचा आंखूड अभ्यास करावा, परिचारिकेचा तीन वर्षांचा अभ्यास करावा, किंवा इंग्रजी पुरेसें असेल तर वैद्यकीय शाळेंत जावें. शिक्षिकेच्या कामास लोकमान्यता होती. परिचारिकेच्या कामास ती नव्हती : परक्या पुरुषाची शुश्रूषा, रात्रपाळी, सर्व जातींच्या रोग्यांचा स्पर्श, या तिन्ही गोष्टी तत्कालीन समाजास खटकत. सुईणीचें काम स्त्रियांपुरतेंच असल्यानें कमी खटके, आणि मुदतहि थोडी. पदरीं एखादें मूल असलेल्या विधवेस तें सोयीचें वाटे. म्हणजे ‘लवकर होणारा’ अभ्यास तिला केवळ वेळेच्या दृष्टीनें सोपा नव्हता, लोकापवादाच्या दृष्टीनेंहि सोपा होता.

तथापि परिणाम पाहावा. जी सुईण झाली तिला बाळंतपणाचें खाजगी काम किंवा एखाद्या नगरपालिकेची अथवा प्रसूतिगृहाची नोकरी मिळे. पण रुग्णालयांतील अधिकाराच्या जागा परिचारिकेचा पूर्ण अभ्यास केलेल्यांसच मिळत. वॉर्डाची सिस्टर, शिकविणारी सिस्टर, मेट्रन, या पायऱ्या तीन वर्षांच्या दाखल्यापासून सुरू होत. रमाबाई व देवधर यांनीं सुईणीबरोबर परिचारिकांच्या शिक्षणाचाहि आग्रह धरला, यांत त्यांची दूरदृष्टि दिसते. स्त्रीस पोटापुरतें मिळवून देणें एवढाच त्यांचा हेतु असता, तर आंखूड वर्गानें काम भागलें असतें.

(५) कायदा व भोर-समिति

१९०८ सालीं शिक्षित परिचारिकांचा अखिल भारतीय संघ स्थापन झाला. मुंबई इलाख्यांत परिचारिका, सुईणी व आरोग्य-भेटकर्त्या स्त्रिया यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ सालीं झाला. या कायद्याचें महत्त्व पुष्कळदां दुर्लक्षिलें जातें. त्यापूर्वीं दाखला म्हणजे ज्या रुग्णालयानें दिला त्याच्या नांवलौकिकावर अवलंबून असलेली वस्तु होती. नोंदवही आल्यावर ‘कोणता अभ्यास कशास पात्र करतो’ हें ठरीव झालें. कोणत्या वहींत नांव चढलें, यावर पुढील नोकरी ठरूं लागली. देशभर एकच प्रमाण असावें म्हणून १९४७ सालीं भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला.

मध्यंतरीं १९४३ सालीं सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालीं आरोग्यविषयक पाहणीची समिति नेमली गेली व तिचा अहवाल १९४६ सालीं बाहेर आला. अध्यक्षांच्या आडनांवामुळें ‘भोर-समिति’ हें नांव रूढ झालें. आमच्या या भोर गांवाशीं तिचा नांवापलीकडे संबंध नाहीं. परंतु तिचे आंकडे या गांवास लावून पाहण्यासारखे आहेत. ब्रिटिश हिंदुस्थानांतील तीस कोटि लोकांस त्या वेळीं सुमारें ७,००० परिचारिका, ५,००० सुईणी व ७५० आरोग्य-भेटकर्त्या स्त्रिया होत्या. म्हणजे ४३,००० माणसांमागें एक परिचारिका व ६०,००० माणसांमागें एक सुईण. या सरासरीनें भोर संस्थानाच्या १९०१ च्या वस्तीस तीन परिचारिका व दोन सुईणी आल्या असत्या. पांच तालुक्यांस, इतक्या खोऱ्यांस, तीन परिचारिका! आणि सरासरी ही शहरांकडे झुकलेली. डोंगरांत ती शून्याकडेच झुकणार. हा खड्डा भरण्यासाठीं घाई करावी असें कोणास वाटलें, तर तें स्वाभाविकच म्हटलें पाहिजे.

त्याच १९४६ सालीं दिल्ली व वेलूर येथें परिचर्येचा चार वर्षांचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. एकीकडे हजारों परिचारिका तांतडीनें हव्या, दुसरीकडे अभ्यासाची मुदत वाढून तो विद्यापीठांत गेलेला : हे दोन ओघ तेव्हांपासून बरोबरीनें वाहत आहेत.

(६) घाईचे तीन प्रसंग

घाईचा पहिला मोठा प्रसंग दुसऱ्या महायुद्धाचा. १९४२ सालीं साह्यक परिचर्यादल उभारून अल्पमुदतीच्या शिक्षणानें स्त्रियांस सैनिकी रुग्णालयांत धाडण्यांत आलें. युद्धाची निकड भागली; परंतु त्या शिक्षणाचें मोल पूर्ण परिचारिकेच्या बरोबरीचें नव्हतें.

दुसरा प्रसंग १९५१ चा. पंजाबांतील तरनतारन येथील सेंट मेरी रुग्णालयांत साह्यक परिचारिका-प्रसाविका हा दोन वर्षांचा अभ्यास सुरू झाला, व लौकरच तो देशभर पसरला. मावळांतील लोकांस ज्या ‘नर्सबाई’ परिचित आहेत त्या बहुधा याच अभ्यासाच्या. उपकेंद्रांत राहून खिंडी-ओढे ओलांडून वाडीवाडीस जाणारी, बाळंतपण करणारी, लस टोचणारी ही स्त्री म्हणजे जुन्या सुईणीची खरी वारस. खेड्याच्या दृष्टीनें पाहतां या आंखूड अभ्यासानें जेवढें केलें तेवढें दुसऱ्या कशानेंहि केलें नाहीं, हें मान्य केलेंच पाहिजे.

तिसरा प्रसंग अधिक उद्बोधक आहे. कर्तारसिंग समितीच्या १९७३ च्या अहवालानंतर एकाच कार्यकर्तीकडे अनेक कामें सोंपविण्याचें धोरण आलें, आणि १९७७ सालीं या दोन वर्षांच्या अभ्यासाची मुदत अठरा महिन्यांवर आणली गेली. कामें वाढलीं व शिकण्याचा काळ घटला. कुटुंबनियोजन व लसीकरण यांकडे ओढा वाढला, प्रसूतीचें काम मागें पडलें. जी मुळांत प्रसाविका, तिच्या हातून होणारीं बाळंतपणें कमी होत गेलीं. पुढें परिषदेनें मुदत पुन्हां दोन वर्षांची केली. सहा महिने कापून जें साधलें म्हणावयाचें, तें तीन-साडेतीन दशकांनीं परत द्यावें लागलें. परिचारिकेच्या दाखल्याच्या अभ्यासाचीहि मुदत अशीच कधीं साडेतीन वर्षें तर कधीं तीन वर्षें होत आली आहे. मुदत कमीजास्त करणें हें प्रत्येक वेळीं ज्ञानाच्या मापानें झालें नाहीं. पुष्कळदां तें मनुष्यबळाच्या मागणीच्या मापानें झालें, असा निष्कर्ष या क्रमावरून निघतो.

(७) मागील शिक्षण जमा धरण्याची रीति

मुदत कमी करण्याची दुसरीहि एक रीति आहे, व ती अगदीं निराळी आहे. तींत ज्ञान कापावयाचें नसतें. शिकणारानें पूर्वीं जें शिकून घेतलें असेल तें जमा धरून उरलेलेंच शिकवावयाचें असतें. वैद्यकांत याचें उदाहरण आहे. पुण्याच्या वैद्यकीय शाळेचें १९४६ सालीं महाविद्यालय झालें. अशा शाळांतून पूर्वीं परवान्याचा अभ्यास करून निघालेल्या डॉक्टरांसाठीं देशांत पदवीचा संक्षिप्त अभ्यासक्रम ठेवण्यांत आला. त्यांचीं जुनीं वर्षें वायां गेलीं नाहींत.

परिचर्येंत या रीतीचें रूप म्हणजे दाखला घेतलेल्या नोंदणीकृत परिचारिकेस दोन वर्षांत पदवी देणारा अभ्यासक्रम. १९५९ सालीं दिल्लीस परिचर्येची एम्. एस्सी. पदवी सुरू झाली, व १९६४ सालीं मुंबईस श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचें लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय निघालें. या दोन घटनांनीं दाखला, पदवी व पदव्युत्तर शिक्षण अशी सलग शिडी महाराष्ट्रांतील स्त्रीसहि दिसूं लागली. धोंडो केशव कर्वे यांनीं १९१६ सालीं स्थापिलेल्या विद्यापीठांत परिचर्येस पदवीचें स्थान मिळावें, यांत एक ऐतिहासिक औचित्य आहे. ज्या विधवांच्या शिक्षणापासून त्या कार्याचा उगम झाला, त्याच वर्गांतून परिचर्येचें काम पहिल्यानें पत्करणाऱ्या पुष्कळ स्त्रिया आल्या होत्या.

अमेरिकेंत या रीतीस आणखी एक फांटा फुटला. दुसऱ्या एखाद्या विषयाची पदवी असलेल्यास, ती जमा धरून, सुमारें वर्ष-दीड वर्षांत परिचर्येची पदवी देणारा शीघ्र अभ्यासक्रम तेथें सेंट लुई विद्यापीठानें १९७१ सालीं काढला, आणि आज तो पुष्कळ ठिकाणीं चालतो. त्या थोड्या महिन्यांत सुट्या जवळजवळ नसतात, व रुग्णालयांतील कामाचे तास कापलेले नसतात. वांचतो तो काळ सामान्य विषयांचा. आपल्याकडे असा अभ्यासक्रम नाहीं. भोरची एखादी मुलगी रसायनशास्त्राची पदवीधर असली, तरी परिचर्येच्या पदवीसाठीं तिला पहिल्या वर्षापासूनच आरंभ करावा लागतो. म्हणून परदेशच्या ‘शीघ्र पदवी’चें नांव ऐकून येथें कोणी तसें आश्वासन देऊं लागल्यास, त्याची मान्यता आधीं तपासावी हें बरें.

(८) आजच्या निवडीस इतिहासाचें साह्य

आतां या सर्व क्रमाचा उपयोग काय तें पाहूं. वेल्ह्याच्या किंवा भोरच्या मुलीपुढें आज तीन दारें आहेत : साह्यक परिचारिका-प्रसाविकेचीं दोन वर्षें, सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्र यांच्या दाखल्याचीं तीन वर्षें, आणि बारावीस भौतिक, रसायन व जीवशास्त्र घेतलेल्या मुलींसाठीं पदवीचीं चार वर्षें. महाराष्ट्रांत परिचर्येचें बरेंच पदवीशिक्षण १९९८ सालीं स्थापन झालेल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे आहे.

यांत आंखूड कोणतें? वरवर पाहतां पहिलें. पण हिशेब शेवटच्या ठिकाणापासून मागें मांडला पाहिजे. जिला पदवीच हवी आहे, ती सरळ गेली तर चार वर्षें. दाखल्याच्या वाटेनें गेली तर तीन व दोन मिळून पांच. आणि पहिल्या दारानें शिरून सर्व पायऱ्या चढूं लागली तर दोन, तीन व दोन मिळून सात. म्हणजे जें दार सर्वांत जवळ, तेंच पदवीच्या दृष्टीनें सर्वांत दूर. जिला परिचर्या महाविद्यालयांत शिकवावयाचें आहे तिला पदवीनंतर एक वर्षाचा अनुभव व दोन वर्षांची एम्. एस्सी. लागते, तिनें हा हिशेब बारावीच्या विषयांपूर्वींच, म्हणजे दहावीनंतरच, केला पाहिजे. कारण शास्त्रशाखा सोडली कीं चार वर्षांचें दार बंद होतें. जिचा ओढा सैन्याकडे आहे तिला पुण्यांतच सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयांत परिचर्येची पदवी घेऊन सैनिकी परिचर्यासेवेंत अधिकारी होतां येतें. तेथें सेवेचें बंधन आहे, तें समजून पत्करावें. जिला परदेशीं जावयाचें आहे तिनें तेथील परवान्याच्या परीक्षा व तेथें मोजले जाणारे प्रत्यक्ष कामाचे तास आधींच पाहावेत.

आणि जिला आपल्याच खोऱ्यांत राहावयाचें आहे? तिच्यासाठीं २०१८ पासून एक नवी वाट निघाली आहे. उपकेंद्राच्या पातळीवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमण्याची योजना त्या सालीं आली. परिचर्येची पदवी वा तीन वर्षांचा दाखला असलेल्यांस सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा जोड-अभ्यास देऊन त्या जागीं घेण्यांत येऊं लागलें. १९०३ च्या दायांचा वर्ग अल्पमुदतीचा होता, आणि हाहि सहाच महिन्यांचा आहे. मुदतीचें साम्य दिसतें, पण अर्थ उलट आहे : तेथें आंखूड शिक्षण हाच पाया होता व त्यावर इमारत नव्हती; येथें पाया तीन-चार वर्षांचा असून आंखूड शिक्षण हें वरचें छप्पर आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, हा सर्व हिशेब ज्यांस थांबणें परवडतें त्यांचा झाला. ज्या घरीं भात काढल्यावर हातीं रोकड उरत नाहीं, तेथें दोन वर्षांत मिळवूं लागणारी मुलगी हाच आधार. हा आक्षेप खरा आहे, आणि इतिहास त्याच्या बाजूनेंहि बोलतो. सेवासदनांतील कित्येक विधवांनीं आंखूड अभ्यास पत्करला तो अज्ञानानें नव्हे, पदरच्या मुलांसाठीं. अशा मुलीनें दोन वर्षांचा मार्ग घेतला तर तिला दोष देतां येणार नाहीं. फक्त तो घेतांना तीन गोष्टी तिनें पाहाव्यात असें वरील क्रमावरून आम्हांस वाटतें. पहिली, ती संस्था परिचर्या परिषदेनें मान्य केलेली आहे कीं नाहीं, व तिच्या परीक्षेनंतर राज्याच्या नोंदवहींत नांव चढतें कीं नाहीं; १९३५ पासून खरें प्रमाण तेंच आहे. दुसरी, या दाखल्यावर पुढच्या पायरीचें दार उघडतें कीं नाहीं. सध्यां तें उघडतें, दायांच्या काळीं तें नव्हतें. तिसरी, मुदत कापली ती कशांतून. सामान्य विषयांतून, कीं बाळंतिणीच्या खाटेशेजारीं उभें राहण्याच्या तासांतून. १९७७ चा प्रसंग या तिसऱ्या प्रश्नाचें महत्त्व शिकवितो.

घराण्यांतील वडील माणसांसहि एक विनंति आहे. मुलीस लवकर नोकरीस लावण्याची घाई पुष्कळदां लवकर लग्नाच्या घाईशीं जोडलेली असते, आणि मग चार वर्षें लांब वाटतात तीं शिक्षणाच्या मानानें नव्हे, स्थळाच्या मानानें. रमाबाईंच्या काळीं लोकापवाद ज्या ठिकाणीं उभा होता, त्या ठिकाणीं आज हा विचार उभा आहे. दोहोंनींहि मुलीस आंखूड वाटेकडेच ढकललें आहे.

(९) उपसंहार

येणेंप्रमाणें दिसून येईल कीं, परिचर्येच्या शिक्षणांत आंखूड व लांब असे दोन मार्ग प्रथमपासून आहेत, आणि दोन्ही निकडीचेच आहेत. मावळच्या गांवास पावसाळ्याच्या रात्रीं जवळची शिकलेली बाई हवी. त्या बाईसहि आपल्या आयुष्यांत पुढें जाण्यास वाट हवी. ज्या योजनांनीं पहिली गोष्ट पाहिली व दुसरी विसरली, त्यांनीं पहिलीहि पुरती साधली नाहीं. कारण जिला पुढें वाट नाहीं अशी शिकलेली स्त्री खोऱ्यांत फार काळ राहत नाहीं, किंवा राहिली तर शिकलेलें टिकवूं शकत नाहीं.

या इतिहासाचीं साधनें मोठ्या दप्तरांत थोडीं व घराघरांत पुष्कळ आहेत. आजीचा सुईणपणाचा दाखला, परिचारिकेच्या नोंदणीचें पत्र, वसतिगृहांतून घरीं लिहिलेलीं पत्रें, उपकेंद्राच्या जुन्या जन्मनोंदी, गणवेषांतलें एखादें छायाचित्र : हीं जमिनीच्या सनदेइतकींच अस्सल साधनें होत, आणि सनदेपेक्षां लवकर नाहींशीं होणारीं आहेत. भोर व वेल्हे भागांतील वाचकांनीं तीं जपून ठेवावीं, त्यांवर नांव, गांव व साल लिहून ठेवावें, आणि शक्य तेथें त्यांच्या प्रती मंडळाकडे पाठवाव्या. ज्या मुली येत्या वर्षीं अर्ज भरणार आहेत, त्यांसहि आपल्या गांवांतील पूर्वीच्या परिचारिकेनें कोणता अभ्यास केला, त्यास किती वर्षें लागलीं व त्यांतून ती कोठवर गेली, हें विचारून लिहून घेतां येईल. त्यांत गांवाचा इतिहासहि नोंदला जाईल, आणि अर्जावर कोणत्या अभ्यासक्रमाचें नांव लिहावें हेंहि पुष्कळ अंशीं ठरेल.